लसणाचा पापुद्रा

भास्कर गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं काटोलहून केला, सकाळी साडेसातला. मी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते. फोन ठेवला, शनिवारपर्यंतचे कप्पे भरले आणि मगच उठले. नातवंडांनो, त्या दिवशी तुमच्याशी बोलायचं त्राण नव्हतं. आज महिन्यानं लिहिते आहे, तरी थकवा तसाच आहे.

तुमचा हा मामाआजोबा, माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. कॉलेजात असताना तो मला सीताबर्डीला चिनी मारामारीच्या सिनेमांना ओढून न्यायचा. पडद्यावर माणसं बांबूंच्या शेंड्यांवरून उड्या मारत, थिएटर शिट्ट्या वाजवी आणि हा डोळे मिटून बसलेला. "मारामारी काय पाहून राहिली वं ताई? मागची बासरी ऐक!" ती बासरी आपल्यासारखी गोड नव्हती, वाऱ्यात पतंगाचा कागद थरथरावा तसा तिचा सूर थरथरायचा. पुढे त्याला कुठूनसं कळलं, की त्या बासरीला एक भोक जास्तीचं असतं आणि त्यावर पातळ पडदा चिकटवतात. त्यानं स्वतःच्या चांगल्या बासरीला भोक पाडलं, लसणाच्या पाकळीवरचा पापुद्रा लसणाच्याच रसानं त्यावर लावला... आणि ती तशी वाजली. मग जन्मभर तो तीच वाजवत राहिला.

या हिवाळ्यात उपचारांसाठी तो माझ्याकडे होता. फुप्फुसं थकली होती, चार शब्दांनी धाप लागे. एका दुपारी म्हणाला, "ताई, एकदा वाजवून पाहतो. माझे हात कापून राहिले, पापुद्रा तू लाव." मी लावला. वह्यांना कव्हर घालते तसा, ताणून, एकही सुरकुती न ठेवता. त्यानं होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून फुंकर घातली. सूर निघाला, पण अगदी साधा. थरथर नव्हतीच.

"एवढं नेटकं नाही लावत वं," तो धापा टाकत हसला. "चुरगळून लावा लागते त्याले. सुरकुतीच तर वाजते."

मी लगेच दुसरी पाकळी सोलायला घेतली.

"राहू दे. दम सरला."

पुढे तो काटोलला लेकीकडे गेला, पण त्यानंतर त्यानं बासरी हातात घेतली नाही...

आता लसूण सोलायला बसले की पातळ पापुद्रे आपोआप वेगळे निघतात, वाटीत साठतात. बासरी त्याच्या लेकीकडे आहे आणि मला ती वाजवताही येत नाही. परवा स्वयंपाकाच्या शांताबाईंनी वाटी उचलली. "हा कचरा काहून ठेवून राहिल्या जी, आजी?"

"असू द्या तिथंच," मी म्हटलं. "अजून चुरगळायचे आहेत."