गुझेंगची पाच वाक्यं

आमच्या इथल्या मराठी मंडळात कार्यक्रम संपला की चहाच्या टेबलापाशी एकच गळा काढला जातो, मुलं मराठी बोलत नाहीत. आपण मराठीत विचारावं आणि कार्टी आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर देणार. मीही त्यात असायचे. आता मी त्या टेबलाकडे फिरकत नाही.

माझी लेक दहा वर्षांची. सँडीफोर्डच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक चिनी बाई राहतात, माझ्यासारख्याच इंजिनीअर, आणि त्या गुझेंग वाजवतात. लांबलचक लाकडी पेटी, तिच्यावर एकवीस तारा, प्रत्येक तारेखाली ती उचलून धरणारी वेगळी घोडी, आणि बोटांना नख्या बांधून छेडायचं. छतातून आवाज यायचा, लेकीने हट्ट धरला आणि त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागली. मला वाटलं, महिन्याभरात खूळ उतरेल. कसलं उतरतंय!

दिवाळीच्या कार्यक्रमात दोघी वाजवणार ठरलं, तेव्हा ही आपणहून म्हणाली, "आई, हिस्टरी मी सांगणार. इन मराठी." माझा कानांवर विश्वास बसेना.

मग बाईंनी इंग्रजीत सांगायचं आणि मी शब्द पुरवायचे, असं करत पाच वाक्यं तयार झाली. हे वाद्य दोन हजार वर्षांहून जुनं आहे. ते आधी चीनच्या पश्चिम भागात वाजायचं. तेव्हा तारा रेशमाच्या होत्या, आता पोलादाच्या असतात. अशी गोष्ट सांगतात की दोन बहिणी एका मोठ्या वाद्यावरून भांडल्या, ते तुटलं आणि त्यातून हे झालं. जपान आणि कोरियातली अशी वाद्यं ही याचीच मुलं. मी 'दुभंगलं' सुचवलं होतं, ते जिभेवर बसेना म्हणून तिने 'तुटलं' केलं. 'मुलं' मात्र तिचं स्वतःचं. लुआस ट्राममध्ये, आंघोळ करताना, ताटावर, सारखं पाठांतर चालू. कधी नव्हे ते घरात तिचं मराठी ऐकू येत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदनाला मंडळातले एक जुने सभासद होते, सगळे त्यांना दादा म्हणतात. लेकीने माईकसाठी हात पुढे केला. दादांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. "बाळा, तू फक्त वाजव हं, वेळ कमी आहे."

आणि मग वेळ कमी असलेले दादा स्वतः बोलत सुटले. हे वाद्य दिसायला चिनी, पण मूळचं आपलंच. आपली वीणा भिक्षूंबरोबर तिकडे गेली, तिचंच हे रूप. आज आपली लेक आपलंच वाद्य वाजवते आहे. टाळ्यांचा कडकडाट. बाईंना अक्षर कळलं नव्हतं. टाळ्या आपल्या वाद्यासाठी आहेत असं वाटून त्या हसून वाकल्या, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चहापाशी मी त्यांना गाठलं. "हे कुठून काढलंत?"

"अहो वहिनी, लोकांना जवळचं वाटावं म्हणून. एवढं काय मनावर घेता?"

"तिला मराठीत बोलायचं होतं."

"हो का? मग पुढच्या वर्षी बघू की."

पुढच्या वर्षी! शून्य आपलं, मान्य. म्हणून काय जगातली प्रत्येक तार आपलीच? आणि एक पोर आपणहून मराठी बोलायला उभी राहते, तर तिच्या हातात माईक द्यायचा नाही आणि पाच मिनिटांनी त्याच तोंडाने मुलं मराठी बोलत नाहीत म्हणून रडायचं? हे सगळं मी त्यांना ऐकवलं, चारचौघांत, आवाज चढवून. मला त्याचा जराही पस्तावा नाही. दादा चकली खात राहिले.

परतताना बाई मागे लेकीशेजारी बसल्या होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, त्या गृहस्थांनी माझ्या वाद्याबद्दल काय सांगितलं गं? मी स्टिअरिंग घट्ट धरलं. लेकीने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, ते म्हणाले हे दोन हजार वर्षांहून जुनं आहे. मग रेशमाच्या तारा, भांडणाऱ्या बहिणी, जपान, कोरिया. पाचही वाक्यं, सलग, इंग्रजीत. बाई खूश झाल्या. किती अभ्यास करून बोलले, म्हणाल्या.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मला तरी मराठीत म्हणून दाखव ना."

"यू आर ग्रँड, आई," ती म्हणाली. इथे त्याचा अर्थ राहू दे असा होतो. नख्या डबीत ठेवल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.