नाव उभ्यानं कापू नये

दिनेशचा फोन आला तेव्हा मी फणसवाडीतल्या घरी सकाळची वर्तमानपत्रं चाळत होते. "बाई गेल्या," तो म्हणाला. "झोपेतच. वैशाली चहा घेऊन गेली, तर..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. दिनेशचं लालबागला बॅनर छापायचं दुकान आहे आणि एरवी त्याचं तोंड बंद नसतं. मी पोचले तेव्हा चाळीच्या जिन्यावर पायरीगणिक माणसं उभी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत जायला मला अर्धा तास लागला. नोकरीत असताना मी बऱ्याच अंत्ययात्रांच्या बातम्या दिल्या. मोठ्या माणसांच्या अंत्ययात्रेत प्रत्येकाला पुढं जायचं असतं. इथं कुणालाच घाई नव्हती. वर गेलेला प्रत्येक जण आत जाऊन दोन मिनिटं खाली बसत होता, मग उठत होता. त्यामुळे रांग सरकत नव्हती आणि त्याबद्दल कुणी कुरकुरतही नव्हतं.

सुनंदा घाडी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. लग्न केलं नव्हतं. भाची वैशाली त्यांच्याजवळ राहायची. परिसर त्यांना बाई म्हणायचा, म्हणून मीही. शिकवण्याखेरीज त्यांच्याकडे मतदार यादीचं काम होतं. हे काम शिक्षकांच्या गळ्यात पडतं आणि बहुतेकांना ते नको असतं. घरोघरी जायचं, कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं, कोण वारलं ते विचारायचं, नवी नावं घालायची, जुनी कमी करायची. दारात उभं राहून ते पाच मिनिटांत उरकतं. बाईंनीही पहिल्या वर्षी तसंच उरकलं होतं. एका वारलेल्या गिरणी कामगाराच्या दारात उभं राहून त्यांनी लाल पेनानं त्याच्या नावावर रेघ ओढली. त्याची बायको उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनं विचारलं, "झालं? एवढंच?" त्यानंतर सेवानिवृत्त होईपर्यंत त्यांनी कुणाचंही नाव दारातून कापलं नाही. त्या आत जायच्या, बसायच्या, पाणी प्यायच्या, माणूस कसा गेला ते ऐकून घ्यायच्या आणि मग पेन काढायच्या. नाव उभ्यानं कापू नये, असं त्या म्हणायच्या. नियमात असं काही लिहिलेलं नाही. मी तपासलं आहे.

निवृत्तीनंतर त्या विधानसभेला उभ्या राहिल्या, त्याचं कारण त्यांची शाळा. पट कमी झाला म्हणून ती बंद करून मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवायचं ठरत होतं. अर्ज-विनंत्या करून झाल्या होत्या. आमदार दोनदा निवडून आलेले, कामाचे, माणसं राखून असलेले गृहस्थ. पण शाळेच्या प्रश्नावर त्यांनी हात वर केले. "मग मीच बघते," असं बाई म्हणाल्या, अपक्ष म्हणून उतरणार असं त्यांनी जाहीर केलं आणि पुढं निशाणी शिलाई मशीन मिळाली. विरोधी पक्ष आपसात इतके भांडले की अखेर कुणीच उमेदवार दिला नाही आणि सगळ्यांनी बाईंना पाठिंबा दिला. आमच्या संपादकांनी मला त्या मतदारसंघावर लावलं ते हसत हसत. "रंगीत मजकूर मिळेल तुला," ते म्हणाले. दोन आठवड्यांनी ते हसत नव्हते. लढत खरोखरच अटीतटीची झाली होती.

प्रचारात मी त्यांच्याबरोबर इतके जिने चढले की रात्री पोटऱ्या भरून यायच्या. बाई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या प्रचाराची एक विचित्र अडचण होती. बऱ्याच घरांत त्या याआधी माणूस गेल्यावरच आल्या होत्या. दार उघडलं की आधी घरातल्यांचे चेहरे उतरायचे. काळाचौकीच्या बाजूला एका खोलीत नव्वदीच्या एक आजी खाटेवर बसल्या होत्या. बाईंना बघून त्या मालवणीत ओरडल्या, "माजा नाव कापूक इलंस काय गो? अजून जिती आसंय मी!"

"नाय गो आजी, मत मागूक इलंय."

"मगे बस. उब्यान काय मागतंस? भिकारी हस काय?"

प्रचार सांभाळणाऱ्या दिनेशला हसू आवरेना. बाई मात्र खरंच बसल्या. आजींच्या यजमानांचं नाव ज्या दिवशी कापलं, त्या दिवशी आजींनी बाईंना घावणे खायला घातले होते, याची बाईंनी आठवण काढली. ते घावणे यादीवाल्या बाईंसाठी होते, आमदार होऊ बघणाऱ्या बाईंसाठी नव्हते, असं आजींनी बजावलं. मत कुणाला देणार ते काही सांगितलं नाही. अशी एकेक खोली घ्यायला पाऊण तास लागायचा. दिनेश घड्याळ दाखवत राहायचा आणि बाई ते बघायच्या नाहीत.

भिकाजी चाळीचा प्रसंग उमेदवारी अर्जाच्या आधीचा. ही चाळ पुनर्विकासासाठी पाडली होती आणि तिथली कुटुंबं मानखुर्दच्या ट्रान्झिट कॅम्पात राहायला गेली होती. टॉवरचं काम मध्येच अडकलं होतं, ते आमदारांनी खटपट करून पुन्हा चालू करून दिलं. त्यामुळे ती चाळ एकगठ्ठा त्यांची होती, आणि हे लालबागमध्ये सगळ्यांना माहीत होतं. नावं मात्र अजून जुन्याच पत्त्यावर होती. ती तशी ठेवली होती बाईंनीच, यादीचं काम त्यांच्याकडे असताना. त्या मानखुर्दला जाऊन प्रत्येकाला भेटल्या होत्या आणि "तात्पुरते बाहेर, परत येणार" असा शेरा मारून आल्या होत्या. आता दिनेशनं त्या प्रत्येक नावावर हरकतीचा फॉर्म भरून आणला. माणूस पत्त्यावर राहत नाही, सबब नाव वगळावं. मी तेव्हा खोलीत होते. फॉर्मांचा गठ्ठा त्यानं बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"बाई, सगळं कायद्यात बसतंय. वकिलाला दाखवून आणलंय. उद्या शेवटचा दिवस."

"बसत असेल. चुकीचं असतं तर तू आणलंच नसतंस."

"मग टाकतो ना उद्या?"

"दिनेश, पहिलं वर्ष सोडलं, तर मेलेल्या माणसाचं नाव मी त्याच्या घरात बसल्याशिवाय कापलं नाही. ही तर जिवंत आहेत."

"शाळा जाईल, बाई." त्याचा आवाज चढला होता. तो त्याच शाळेत शिकलेला. "ही एक चाळ आपल्याला बुडवेल, लिहून देतो!"

"माहितेय मला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी फॉर्मांच्या कडा हातानं सारख्या केल्या, गठ्ठ्याला नाडी बांधली आणि तो कपाटावर ठेवून दिला. मी राजकारणावर लिहीत आले त्या सगळ्या वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर झालेली ही सर्वांत मोठी गोष्ट. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी त्या संध्याकाळी बातमी लिहून दिली. डेस्कनं ती परत पाठवली, कारण काही घडलेलंच नव्हतं. हरकती आल्याच नाहीत, तर बातमी कसली? पत्रकारितेच्या हिशेबानं त्यांचं बरोबर होतं...

मतदानाच्या दिवशी मानखुर्दहून दोन बसेस आल्या. केंद्रापासून ठरलेल्या अंतराबाहेर, पदपथावर बाई उभ्या होत्या. भिकाजी चाळीतली माणसं उतरताना त्यांची नजर चुकवत होती. बाई प्रत्येकाला खोलीच्या नंबरानं ओळखत होत्या. "अठरा नंबर, आई नाही आल्या? गुडघा अजून तसाच?" एका माणसानं उतरल्या उतरल्या त्यांना वाकून नमस्कार केला आणि आत जाऊन बहुधा आमदारांना मत दिलं. निकाल शेवटच्या फेरीपर्यंत लटकला आणि बाई हरल्या. मतांचा फरक निवडणूक कार्यालयात नोंदलेला आहे. त्या दोन बसमधून जितके लोक उतरले, त्याहून तो कमी होता. शाळा पुढच्या जूनमध्ये उघडली नाही.

त्यानंतर वर्षभरानं मी त्यांना तो प्रश्न विचारला. मला तो आधीच विचारायचा होता, धीर होत नव्हता. सकाळची वेळ होती. आम्ही गॅलरीत बसलो होतो.

"बाई, तेव्हा दिनेशचे फॉर्म टाकले असते तर?"

"तर मी आमदार झाले असते आणि शाळा राहिली असती."

"कधी वाटतं, चुकलं म्हणून?"

"रोज," त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी घड्याळ पाहिलं, चपला पायात सरकवल्या आणि त्या जिना उतरू लागल्या. मी गॅलरीतून बघत राहिले. खाली नाक्यावर दप्तरं घेतलेली मुलं जमली होती. बाईंनी हात वर करून गाड्या थांबवल्या आणि मुलांना पलीकडच्या शाळेच्या बाजूला नेऊन सोडलं. शाळा बंद झाल्यापासून त्या हे दोन्ही वेळा करत होत्या. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांनी ते केलं. आता सकाळी दिनेश करतो. दुकान उशिरा उघडतो.

गेल्या आठवड्यात वैशालीनं मला कागद आवरायला बोलावलं होतं. कपाटावर तो गठ्ठा होता, नाडी तशीच. आम्ही तो खाली काढत होतो तेवढ्यात दारात एक तरुण शिक्षिका आली. यादीचं काम आता तिच्याकडे. हातात मोबाइल, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. "सुनंदा घाडी इथंच ना? वारल्या असं खालच्यांनी सांगितलं. दाखला दाखवता? एवढं अपडेट करते आणि निघते."

"आत या ना," वैशाली म्हणाली. "बसा."

"नको हो, अजून दोन मजले राहिलेत."

वैशालीनं दाखला आणला नाही. ती माठाकडे गेली. भरलेलं फुलपात्र तिनं बाईंच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि नुसती उभी राहिली. मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिनं चपला काढल्या, आत आली, खुर्चीच्या कडेला टेकली आणि एक घोट प्यायली. "आजारी होत्या का?" तिनं विचारलं. वैशाली तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सांगू लागली... आदल्या संध्याकाळी मुलांना सोडून आल्या, भात थोडा जास्तच खाल्ला, सकाळचा चहा... मुलीनं मोबाइल मांडीवर उलटा ठेवला होता. ती ऐकत होती आणि मधूनमधून एकेक घोट घेत होती. पाणी संपेपर्यंत बाई यादीत होत्या.