बिब्याखालची गाठ

अक्का गेल्याचा निरोप रिठदहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं वाशिमला शाळेत आणून दिला. "गुरुजी, तुमची बहीण..." एवढंच बोलला बिचारा. सव्वा महिना झाला. अजून वर्गाच्या दारात कुणी उभं राहिलं की फळ्यावरचा खडू थांबतो.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून अक्कानं मला बी.एस्सी. केलं. गावात येईल त्याला सांगायची, "आमचा बापू जीवशास्त्र शिकवते!" मागच्या वर्षी, ब्याऐंशीच्या वैशाखी पौर्णिमेला मी तिच्याकडे गेलो होतो. फळीवरून डबा काढताना तिचा हात वर गेला आणि काखेत काळा, भाजल्यासारखा डाग दिसला.

"लहानशी गाठ होती. बिबा लावला. बसून जाईन."

माझं डोकंच फिरलं. "अक्का, कातडं जळून राह्यलं तुयं, अन् तू बिबे कायले लावून राह्यली?" रिसोडहून मलम आणून दिलं. डाग बरा झाला, तिनं माझं कौतुक केलं, मीही ते घेतलं. गाठ कसली, हे विचारलंच नाही. फळ्यावर रंगीत खडूनं पेशी काढणारा मी! थू माझ्या शिक्षणावर.

पुढं छातीला जखम झाली तेव्हा नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मूळ छातीत आहे, काखेत केव्हाच उतरलंय... फार उशीर केलात.

तिथं खाटेवर तिनं माझा हात धरला. "बापू, मायलेही हेच झालं होतं. आता माह्या वंदीले होईन का? तू तं शिकेल हायेस."

पेशीला 'आता पुरे, थांब' असं कोण सांगतं, आणि त्यातला बिघाड आईकडून लेकीत उतरतो का, मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनीही नुसते खांदे उडवले होते. मी म्हणालो, "नाही होत अक्का. हे वंशानं येत नाही." आठ दिवसांत पहिल्यांदा ती गाढ झोपली. मग डॉक्टरांनीच घरी न्या म्हटलं, तिला रिठदला वंदीजवळ सोडून मी शाळेत रुजू झालो.

परवा रिठदला गेलो. वंदी चुलीपुढं भाकरी थापत होती. अठरा वर्षांची पोर, अंगात अक्काचं हिरवं पोलकं, अगदी मापात बसलेलं. मी न विचारताच म्हणाली, "मामा, मी नाही भेत. माय जातानी सांगून गेली, मामा म्हणते तुले काही होत नाही."

मी खोटं बोललो होतो, हे तिला सांगायला हवं होतं. न्हाताना छातीला हात लावून पाहत जा, गाठ लागली तर त्याच दिवशी कळव, एवढं तरी. पण भाचीला मामानं हे कोणत्या तोंडानं सांगायचं? अक्का असती तर तिनं सांगितलं असतं... वंदीनं ताटात आणखी एक भाकर वाढली. मी ती खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलो.