दिल्लीच्या थंडीत फुटलेले ओठ आणि सासूबाईंचा पाळणा

सुमन, आधी अक्षराची माफी. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. पण तू म्हणालीस, "वहिनी, दिल्ली कशी आहे ते लिहून आणा," म्हणून लिहिते. जाऊ आहेस म्हणून तुलाच. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस.

चिपळूणला गाडीत बसले तेव्हा डोक्यात एकच होतं: माझ्या शुभाच्या मुलीचं बारसं आणि त्यात म्हणायचा सासूबाईंचा पाळणा. तो पुरा आता मला एकटीलाच येतो, तुलाही दोनच कडवी येतात. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही हे तुला ठाऊक आहे. पण पाळणा मी म्हणते, कारण तेव्हा सगळे बाळाकडे बघत असतात.

भोपाळ गेलं आणि ओठ ओढल्यासारखे वाटू लागले. मी जिभेने ओले करत राहिले. निजामुद्दीनला उतरले तर धुक्यात फलाटसुद्धा नीट दिसेना. जावईबापूंना बघून हसायला गेले आणि खालचा ओठ मधोमध चिरला.

आर. के. पुरमला त्यांचं सरकारी क्वार्टर आहे. घरात हीटर, बाहेर बोचरी हवा. पिशवीतून खोबरेल काढलं तर बाटलीत दगड झालेला. आपल्याकडे थंडीत फार तर सकाळी गोठतं, इथे दुपारीही तसंच. शुभाने तिची लिपबामची कांडी दिली नाही, नवीन आणून दिली. म्हणाली, "आई, हे एकमेकांचं वापरायचं नसतं यार." कांडीला आंब्याचा वास होता! ऐन थंडीत, दिल्लीत, हापूसचा वास. मी लावायची आणि नकळत चाटायची, चाटून संपलं की पुन्हा लावायची. ओठ आणखीच सोलवटले. लोंबणारी सालं मी दातांनी काढली, तर रक्त आलं.

शेजारच्या खन्ना आंटी बाळाला बघायला आल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "बहनजी, ये बाम-वाम छोड़ो. रात को नाभी में सरसों का तेल लगाओ." नाभी म्हणजे बेंबी. ओठ फुटलेत वर आणि तेल लावायचं बेंबीत? मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्या वाटीतून तेल घेऊनच आल्या होत्या. नाही कसं म्हणणार? लावलं. अंथरुणाला भाज्यांच्या फोडणीचा वास, ओठ होते तसेच.

बाळाच्या लसीला गेलो तेव्हा शुभाने तिथल्या डॉक्टरीणबाईंना माझे ओठ दाखवले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आप होंठ चाटती हैं?" त्यांनी विचारलं.

"नहीं जी," मी म्हणाले.

"अभी चाटा आपने."

शुभा एवढी हसली की बाळ दचकलं. बाईंनी सांगितलं, थुंकी वाळताना ओठांचा ओलावाही घेऊन जाते. वासाचं, चवीचं, गार गार लागणारं काही नको. साधी, बिनवासाची व्हॅसलिन लावायची, ती जेवल्यावर, बाहेर पडताना आणि झोपताना. सालं ओढायची नाहीत. उन्हात फिरायचं तर ऊन अडवणारा बाम. आणि पाणी प्यायचं. "प्यास नहीं लगती," मी म्हणाले, तर म्हणाल्या, "ठंड में किसी को नहीं लगती. फिर भी पीजिए."

सगळं केलं. ओठ भरत आले. पण बारशाच्या आदल्या दिवशी जावईबापू पाळण्यासाठी दोहर (दुहेरी कापडाचं पातळ पांघरूण) घ्यायला पानिपतला घेऊन गेले. रस्त्यात ढाब्यावर पराठा आणि वर मिरचीचं लोणचं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी. दोहर घेतली, मग लढाईची जागा बघितली. वारा नुसता कापत होता. आपली इतकी माणसं इथे याच थंडीत उभी होती, त्यांचे ओठ फुटले असतील, त्यांनी काय लावलं असेल? एवढ्या मोठ्या जागी मला हेच का सुचावं, मला कळेना. लाज वाटली, आणि पुन्हा ओठ चाटले.

रविवारी कॉलनीतल्या मराठी बायका जमल्या, खन्ना आंटीही आल्या. पहिलं कडवं हलक्या आवाजात झालं. दुसऱ्याला आवाज चढवावा लागतो. तोंड उघडलं आणि चीर उकलली. तोंडात खारट चव. मी थांबले. आता सगळ्या बाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. आज पाळणा मोडला, असंच वाटलं.

"रुको मत, बहनजी," खन्ना आंटी म्हणाल्या.

मी पदराने रक्त टिपू लागले. तेवढ्यात पाळण्याच्या दोरीशी बसलेल्या शुभाने पुढची ओळ उचलली. गेली कित्येक वर्षं मी शिकवायला बघतेय आणि ती म्हणतेय, "आई, मला नाही येत गं." डोळे मिटून, चाचरत, शेवटापर्यंत म्हणाली. मी ओठावर पदर दाबून ऐकत राहिले.

नंतर आंटी म्हणाल्या, तेल आणखी थोडे दिवस लावायला हवं होतं. शुभा म्हणाली, लोणचं खायला नको होतं. डॉक्टरीणबाई असत्या तर पाणी कमी पडलं म्हणाल्या असत्या. परतीच्या गाडीत पनवेलच्या पुढे हवा दमट झाली आणि ओठ आपले आपणच मऊ पडले. मग खरं कुणाचं? आणि ओठ धड राहिले असते तर शुभा गायली असती का? ओठ फुटले हे चांगलं झालं की वाईट, तूच सांग.

एक मात्र आहे. तिने तिसरं कडवं गाळून एकदम चौथं घेतलं. फोन करून सांगावं म्हणते, पण रोज फोन हातात घेते आणि ठेवून देते.