डोंगरावरच्या दुसऱ्या काठीबाबत

अर्जदार मी स्वतः, कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस, सामनेवाली माझी पत्नी, साक्षीदार माझा मेहुणा, ठिकाण जिंतूरजवळचा डोंगर, काळ सीताफळांचा.

सदरहू डोंगरावर आम्ही दरसाल सीताफळे काढण्यास जातो. गुडघा दुखू लागल्यापासून मात्र मी पायथ्याशी सर्वांच्या पिशव्या राखीत बसत असे. यंदा मेहुण्याने चढणीच्या दोन हलक्या, घडीच्या काठ्या आणल्या.

"दाजी, आता चार पायांनी चढा," तो म्हणाला.

"दोन-दोन काठ्या घेऊन कुठं निघाले, गुरं वळायला?" पत्नी म्हणाली.

दोन्ही काठ्यांच्या घड्या उघडून मी चढू लागलो. घसरत्या मुरमावर काठ्यांनी माझा भार पेलला, आणि माथ्यावरचे पहिले पिकलेले फळ मीच तिच्या हाती ठेवले.

उतरताना तिचा पाय निसटला, म्हणून एक काठी मी तिला दिली.

"लय बरं वाटायलंय हिच्यानं," म्हणत ती हसत माझ्या पुढे निघून गेली. ती काठी तिने घरी धान्याच्या कोठीमागे ठेवली असून मागूनही देत नाही.

तरी सदर काठी मला परत मिळावी, अन्यथा सामनेवालीने प्रत्येक चढणीस ती घेऊन माझ्यासोबत यावे, असा निकाल व्हावा. अर्जदाराची पसंती दुसऱ्या निकालास आहे.