कोणाचं हाड

चोपड्याच्या जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्राचा पट्टा तुटून माझ्या जबड्यावर बसला. जखम चिघळली. धुळ्याच्या दवाखान्यात डाव्या बाजूचं दोन बोटं हाड काढून टाकलं, तेव्हापासून मी पाटीवर लिहूनच बोलत होतो. बाजारात पत्रकं वाटून घसा फोडणारा मी!

लढाईवरून परतलेले डॉक्टर म्हणाले, "तिथे नवं हाड बसवावं लागेल. तुझ्या कमरेचं घेणं उत्तम. पण तुला ताप आहे, दुसरी जखम झेपेल याची खात्री नाही. उद्या शेजारच्याचा पाय कापायचाय. त्यातलं हाड मिळेल."

शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याचा एक मजूर होता. कापसाची गाडी त्याच्या पायावरून गेली होती.

माझे वडील, आबा, उसळले. "त्याना हातनं पाणी चालत नही, आन हाड?"

मी पाटीवर एवढ्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली: 'हाडाला जात नसते.' हे वाक्य माझ्या पत्रकातलंच होतं. आबांना वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी वाचून दाखवलं.

शेजारचा हसला. "भाऊ, पाय मना शे. माले कोणी इचारं?"

मी पाटीवरचं वाक्य तळहाताने पुसलं.

"मनं हाड तुना तोंडमा गयं, ते बोली कोन? तू का मी?" मग त्याचं हसू गेलं. "पाय गावले लई जासू. बापना बाजूले गाडसू."

डॉक्टर म्हणाले, "मग कंबरच. यातून उठशील असं वचन मी देत नाही."

आबांचा चेहरा उतरला. ते त्या खाटेशी गेले आणि त्यांनी हात जोडले. "जात गई चुल्हामा. दे रे बाबा, मना पोऱ्या मरी जाई."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मोडक्या पेन्सिलीने मी लिहिलं, 'माझंच घ्या', आणि आबांकडे न बघता पाटी डॉक्टरांच्या हातात दिली.

सकाळी आधी त्याला नेलं, मग मला.

शुद्धीवर आलो तेव्हा दात तारेने बांधलेले होते, कंबर पेटली होती. हाड धरेल की नाही, हे कळायला अजून कित्येक आठवडे जायचे होते. शेजारच्या खाटेखाली मांजरपाटात गुंडाळलेलं लांब बोचकं होतं. खाटेवर तो तापात पाणी मागत होता, आणि आबा खाली वाकून ओल्या कापसाने त्याचे ओठ भिजवत होते.