बोलले काहीच नाहीत

मालक आबाला नावानं हाक मारायचे नाहीत. चुटकी वाजवायचे. एक वाजली की यायचं. दोन वाजल्या की जायचं. काय करायचं ते बाजेवर पडल्या पडल्या पायाच्या अंगठ्यानं दाखवायचे. ते खोरं. तो उकिरडा. ती गाय.

आबा म्हणजे माझा बाप. नेकनूरच्या बाजूला एका गावात आमची बौद्धांची वस्ती. आबा मालकांच्या शेतावर सालगडी. वस्तीत तो ताठ चालायचा, मोठ्यानं हसायचा, भीमजयंतीला सगळ्यांत पुढं नाचायचा. मालकांच्या अंगणात शिरला की निम्मा व्हायचा. चप्पल हातात, खांदे खाली, नजर मालकांच्या पायावर.

मी अकरा वर्षांची होते. आबाची भाकर द्यायला गेलते. कुठं बघायचं नि कुठं नाही, मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मालकांच्या तोंडाकडं बघितलं. माझा बाप ज्याला एवढा भितो तो माणूस दिसतो कसा, एवढंच बघायचं होतं.

"डोळे कुणाला दाखवती गं?"

मी बघतच होते. मालकांनी मला हात लावला नाही. आमच्या माणसांना ते हात लावायचे नाहीत. आबाकडं बघून त्यांनी फक्त आपली हनुवटी खाली केली. आबाला कळलं. त्याचा पंजा माझ्या मानेवर आला आणि त्यानं माझी मान खाली दाबली. जोरात. सारवलेली जमीन. आबाच्या पायाच्या भेगा. दोन चुटक्या वाजेपर्यंत मी तेच बघत होते.

वाटेत आबा म्हणाला, "माये, त्यांच्याकडं बघायचं न्हाई."

"कावून?"

तो हात धोतराला पुसत चालत राहिला.

मान शिकते. एकदा शिकली की विसरत नाही. नर्सिंग करून पुण्यातल्या एका दवाखान्यात मुलाखतीला गेलते. उत्तरं सगळी बरोबर दिली. पण नजर टेबलाच्या कडेवर. समोरच्या बाई शेजारच्या साहेबांना म्हणाल्या, "डोळ्यांत बघून बोलत नाही. काहीतरी लपवत असणार." माझ्यासमोर. मी तिथं नाहीच अशा थाटात. गावात मान वर केली तर माजलेली. शहरात खाली ठेवली तर खोटारडी. दोन्हीकडचे नियम त्यांचेच.

नोकरी दुसरीकडं लागली. तिथं केरळची एक सिस्टर होती. हो म्हणताना मान दोन्हीकडं डोलवायची. मला ते 'नाही' वाटायचं, आमची रोज गल्लत व्हायची. एकदा जेवताना मी तिला माझ्या मानेचं सांगितलं. तिनं घास खाली ठेवला. म्हणाली, तिच्या पणजीला जमीनदारापुढं तोंडावर हात धरून बोलावं लागायचं. तिचा श्वास त्याला लागू नये म्हणून. सिस्टरनं तसा हात धरून दाखवला.

भाषा वेगळी, मुलूख वेगळा, हो म्हणायची रीतही वेगळी. पण तो हात मला समजावून सांगावा लागला नाही. त्या दिवसापासून मी माणसाच्या तोंडाकडं बघूनच बोलायचं ठरवलं. आधी आधी लई जड गेलं. मान आखडायची, घाम फुटायचा. तरी बघायचे.

पुढं सरकारी भरतीत आरोग्यसेविका झाले. नेमणूक आमच्याच भागातल्या उपकेंद्रात.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लसीकरणाचा दिवस. माझी मुलगी पाच वर्षांची. तिला घेऊन आबा रांगेत बसलेला. दारात एक पांढरी गाडी थांबली. मालक वारले, हा त्यांचा मुलगा. तो उतरला नाही. काच खाली केली आणि चुटकी वाजवली.

सत्तरीला आलेला माझा बाप उठला. चप्पल काढायला वाकला. मुलगी आधी त्याच्याकडं बघत होती, मग गाडीकडं बघायला लागली. सरळ, गाडीतल्या तोंडाकडं. आबाचा हात तिच्या मानेकडं निघाला.

मी सिरींज ट्रेमध्ये ठेवली.

"आबा, खाली बसा."

"अगं, बोलवायलेत."

"त्यांना तोंड हाय. नाव घेऊन बोलवतील."

परत चुटकी वाजली. मी दारात गेले, सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं. "काम असंल तर उतरा. रांगेत बसा."

त्यानं काळा चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या, परत घातला. गाडी गेली. आबा म्हणाला, "माये, काय केलंस हे?"

दुसऱ्या दिवशी समोरच्या लिंबाखाली तीन मोटारसायकली. पोरं खाली उतरत नव्हती. मी दारात आले की गाड्यांचे अ‍ॅक्सिलेटर पिळायची. आत गेले की बंद. तिसऱ्या दिवसापासून बाया यायच्या कमी झाल्या. किराणावाला माझ्याकडं न बघता पुडा सरकवायला लागला. चौथ्या दिवशी त्या पोरांतल्या एकानं अंगणवाडीकडं बोट केलं. माझी मुलगी तिथं होती. मग तेच बोट गळ्यावरून फिरवलं. हळू.

मी पोलीस ठाण्यात गेले. जमादार म्हणाले, "बोलले काय?"

"काहीच नाही."

"शिवी दिली? जात काढली?"

"नाही."

"मग लिहू काय मॅडम? झाडाखाली उभं राह्यल्याची केस होती का?"

शेजारचा शिपाई हसला.

"साहेब, तुमी याच भागातले ना? तुमच्या लेकीच्या शाळेकडं कुणी असं बोट केलं, आन् मग असं," मी बोट माझ्या गळ्यावरून फिरवलं, "तर तुमाला काय समजंल?"

शिपायाचं हसू गेलं. जमादारांनी कागद ओढला.

त्यांनी लिहिलं, 'हातवारे केले.' मी म्हटलं, खोडा. कोणता हात, कोणतं बोट, कुणाकडं केलं, गळ्यावर कुठून कुठं नेलं, ते लिहा. गाडीत बसून माझ्या बापाला चुटकी कशी वाजवली, ते लिहा. दोन तास लागले. सगळं वाचून दाखवायला लावलं. मगच सही केली.

आमच्या डॉक्टर साहेबांचा फोन आला. "बदलीचा अर्ज टाका. मी लगेच पुढं पाठवतो."

मी अर्ज टाकला नाही. लिंबाखाली आता पाच मोटारसायकली असतात. आबा चार-चारदा दाराची कडी तपासतो. जबाब मागं घे म्हणून सांगायला वस्तीतलीच दोन माणसं येऊन गेली. त्यांच्या मागं कोण होतं ते मला कळतं.

भीती वाटते. लई वाटते. पण जबाब मागं घेणार नाही. गाव सोडणार नाही. उद्या गरोदर बायांची तपासणी आहे. एक बाई आली तरी ती होणार. नऊ वाजता उपकेंद्र मीच उघडणार.